शिंपल्याच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मौजे प्लम क्रॉसिंग, राज्य टेक्सास, येथील रहिवासी श्रीमती नेल्डा जून स्टॅलकप, विधवा, वय अडुसष्ट, उंची पाच फूट एक इंच, वजन अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे, केस तपकिरी (हेही अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे), डोळे घारे, व्यवसाय कपड्यांची दुरुस्ती, यांनी विहित प्रशिक्षण पूर्ण करून नेमबाजीच्या चाचणीत समाधानकारक गुण मिळविले असल्याने, त्यांना अंगावर शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना देण्यात येत आहे. शस्त्राचा प्रकार: फिरत्या चक्राचे, अन्य नव्हे. ओळखीची ठळक खूण: नाही. सदर बाईंस घराबाहेर सर्वकाळ सशस्त्र समजण्यात यावे.

खरा परवाना इतका बोलका नव्हता. ते खिशात मावणारं कार्ड होतं आणि त्यावर नेल्डाबाईंचा शिंक येण्याच्या बेतात असलेला फोटो होता. पण गावानं त्याचा अर्थ असाच लावला, आणि गावानं लावलेला अर्थ आमच्याकडे सरकारी अर्थापेक्षा जास्त दिवस टिकतो.

नेल्डाबाईंचं दुकान कोर्टाच्या चौकात, बियाणांच्या दुकानाला लागून. पुढे आरसा, मागे पडदा, पडद्यामागे कपडे बदलायची जागा. गावातले पुरुष कोट घेऊन येत, आरशासमोर उभे राहत आणि घसा खाकरून सांगत की उजवी बाजू कमरेपाशी जरा सैल करून द्या, तिथं मी बायबल ठेवतो. नेल्डाबाई तोंडात टाचण्या धरून मान डोलावत. त्या काळी राज्याचा कायदा कुणालाच शस्त्र लपवून बाळगू देत नव्हता, त्यामुळे गावात बायबलं फार झाली होती. लहान असेल तर नवा करार म्हणायचं, मोठं असेल तर जुना. बँकेचे मॅनेजर नवा करार बाळगत. गुरांचा डॉक्टर दोन्ही.

नेल्डाबाईंनी कधी कुणाचं बायबल पाहायला मागितलं नाही आणि त्यांना कुणी दाखवलं नाही. आमच्याकडचा हा शिष्टाचारच आहे. ठाऊक सगळ्यांना असतं, बघत कुणी नाही. एखादा गृहस्थ वाकला आणि त्याच्या कोटाखाली काही चमकलं, तर समोरचा चटकन वर छताकडे पाहतो, जणू छत गळतंय की काय याची त्याला काळजी पडली आहे.

हार्मन टीगचं प्रकरण मात्र निराळं होतं. हार्मन नाचाच्या हॉलमधल्या बँडचा म्होरक्या. फिडल वाजवायचा, गायचा आणि निळ्या-हिरव्या साटिनवर गुलाबाचं भरतकाम केलेले कोट घालायचा. ते कोट अंगासरशी बसणारे. त्यांत बायबल सोडा, प्रार्थनेची चिठ्ठीदेखील उठून दिसली असती. पहिला कोट शिवायला टाकताना त्यानं रुमालात गुंडाळून एक लाकडी वस्तू आणली. आपल्या रिव्हॉल्व्हरची हुबेहूब प्रतिकृती त्यानं पाइनच्या लाकडात कोरली होती. खरं रिव्हॉल्व्हर बाईमाणसाच्या टेबलावर ठेवणं बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. नेल्डाबाईंनी त्या लाकडाभोवती खिसा बेतला, त्याला आतून खांद्यापर्यंत पट्टी दिली आणि वजन सबंध पाठीवर वाटून टाकलं. पुढे हार्मननं जेवढे कोट शिवले, तेवढ्यांना तो खिसा झाला. शनिवारी नाचताना नेल्डाबाई नवऱ्याच्या, डबच्या, खांद्यावरून हार्मनच्या उजव्या कमरेकडे टक लावून बघत असत. डबला वाटे, बायको गाण्यात रमली आहे. नेल्डाबाई झोळ शोधत असत. झोळ कधी आला नाही.

मग हार्मन गेला. त्यानंतर काही वर्षांनी डबही गेला, आणि नेल्डाबाई दुकानामागच्या घरात एकट्या राहू लागल्या. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते लानेलला.

लानेल ही त्यांची मुलगी. आर्लिंग्टनला दंतवैद्याकडे दात साफ करायचं काम करते, आणि ज्याला तोंड उघडं ठेवून ऐकावंच लागतं अशा माणसाशी बोलायची सवय तिच्या बोलण्याला लागली आहे. ज्या वर्षी लपवून शस्त्र बाळगायचे परवाने सुरू झाले, त्याच वर्षी थंडीत कुणीतरी नेल्डाबाईंच्या दुकानाचं मागचं दार फोडलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पळवला. डब्यात बटणं होती. चोराला हे घरी जाऊन कळलं असणार, आणि त्याबद्दल नेल्डाबाईंना थोडी सहानुभूतीही होती. पण लानेल दुसऱ्याच दिवशी गाडी काढून आली, तुटलेल्या कडीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली की आता पुरे झालं. आर्लिंग्टनला खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावले आहेत.

"पडदे कुणी शिवले?" नेल्डाबाईंनी विचारलं.

"विकत आणले."

नेल्डाबाईंना ते ठाऊकच होतं. ते पडदे त्यांनी गेल्या भेटीत पाहिले होते. डावा पडदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता, आणि रोज सकाळी डोळे उघडल्यावर आधी तो दिसणार, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

शेवटी मायलेकींत तह झाला. लानेलचा नवरा रस्टी हा शांतताप्रिय माणूस. तहाची कल्पना त्याची. आईनं परवाना काढायचा, हत्यार घ्यायचं आणि घराबाहेर पडताना ते अंगावर ठेवायचं. कपाटात नाही, पर्समध्ये नाही, कारण पर्स आई सगळीकडे विसरते. ईस्टरला लानेल येऊन बघणार. तोवर हे जमलं तर आईनं खुशाल इथं राहावं. नाही जमलं तर खोली तयार आहे.

"आणि ते बाहेरून दिसलं तर नापास," लानेल म्हणाली. "चोराला आधीच कळलं तर उपयोग काय?"

दिसलं तर! ज्या बाईनं सबंध गावाची बायबलं झाकली, तिला हे सांगायचं? नेल्डाबाईंनी तह लगेच मान्य केला. घोळ कुठं होणार हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

ओडेल फेंस्के हत्यारं विकायचा आणि परवान्याचा वर्गही तोच घ्यायचा. त्याच्या दुकानात कॉफीचं भांडं कायम गरम असे, आणि त्याभोवती ज्यांना घरी कुणी विचारत नाही असे चार-दोन पुरुष बसलेले असत. नेल्डाबाई आत आल्या तसं त्या सगळ्यांना एकदम मत झालं. कुणी म्हणालं बाईमाणसाला छोटं द्या. कुणी म्हणालं छोटं अजिबात नको, छोट्यानं हात उडतो. एकानं आपल्या सुनेचं उदाहरण दिलं, पण सून नेमकं काय वापरते ते त्याला आठवेना.

ओडेलनं काउंटरवर मखमलीचं फडकं पसरलं आणि त्यावर काळी, हलकी, प्लास्टिकच्या मुठीची पिस्तुलं मांडली. हल्ली सगळे हेच नेतात, असं तो म्हणाला. नेल्डाबाईंनी एक उचललं, उजेडाकडे धरलं, कापडाचा पोत बघावा तसा अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं.

"हे ड्रिल मशीन आहे, ओडेल."

"मिस नेल्डा, याच्यासारखं भरवशाचं दुसरं नाही." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, ती विधवा असली तरी, आदरानं मिसच म्हणतात.

"असेल. पण याच्यावर शोभेल असं कापड अजून कुणी विणलेलं नाही."

"पण ते कुणाला दिसायचंच नाहीये ना."

"अस्तरही कुणाला दिसत नाही," नेल्डाबाई म्हणाल्या. "म्हणून मी काय पोत्याचं लावते?"

कॉफीभोवतीचे पुरुष आपापल्या कपात पाहू लागले. त्यांच्यातल्या तिघांच्या कोटांना नेल्डाबाईंचं अस्तर होतं.

तरी त्यांनी ओडेलच्या समाधानासाठी एक पिस्तूल हाताळून बघितलं. त्याचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत येत नाही, आणि तो ओढायचा तर अंगठ्यात आणि बोटांत चिमटीचा जोर लागतो. नेल्डाबाईंच्या अंगठ्यांचे सांधे सुजलेले. त्यांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, मग पिस्तूल पोटाशी धरून ओढलं. ते अर्ध्यावर येऊन परत गेलं. कुणी हसलं नाही. ओडेलनं फडक्याची चारही टोकं धरली आणि सगळी पिस्तुलं एकदम उचलून नेली. नेल्डाबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर आर्लिंग्टनचा डावा पडदा आला.

तेव्हाच त्यांचं लक्ष दाराजवळच्या जुन्या काचेच्या कपाटाकडे गेलं. तिथं लोकांनी विकायला ठेवलेल्या वस्तू असत. एक तलवार, एक दुर्बीण, आणि दुर्बिणीमागे निकेलच्या मुलाम्याचं एक लहान रिव्हॉल्व्हर. त्याची मूठ शिंपल्याची होती. उजेड तिच्यावरून पाण्यासारखा सरकत होता आणि सरकता सरकता गुलाबी, हिरवा, पुन्हा पांढरा होत होता. मूठ आणि नळीच्या मधल्या भागावर बारीक वेलबुट्टी. सबंध दुकानात तेवढीच एक वस्तू अशी होती, जी करणाऱ्यानं करताना मधेच थांबून लांबून पाहिली असावी.

ओडेलनं काढून दिलं. चक्र उघडून रिकामं असल्याचं आधी दाखवलं, मग हातात ठेवलं. नेल्डाबाईंनी मूठ धरली, दुसऱ्या हातानं नळी चाचपली आणि डोळे मिटले.

"हे हार्मनचं."

"तुम्ही हे कधी पाहिलं?"

"पाहिलेलं नाही," नेल्डाबाई म्हणाल्या. "मी याला घर बांधून दिलंय."

ओडेल सज्जन माणूस. त्यानं विकण्याआधी सगळे दोष सांगितले. हे जड आहे. गोळ्या पाचच बसतात. घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढायचा तर गड्यालासुद्धा दम लागतो. आणि उन्हात आरशासारखं चकाकतं. "हे लपवायचं हत्यार नाहीये, मिस नेल्डा. हे मिरवायचं आहे. हार्मननं सबंध आयुष्यात ते एकदाच उडवलं, नववर्षाच्या रात्री, आणि भोक पडलं ते त्याच्याच हॅटला."

"हॅट मीच रफू केली," नेल्डाबाई म्हणाल्या आणि चेकबुक काढलं.

वर्ग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झाला. कायदा, नियम, मनाई. ओडेल एकेक कलम वाचे आणि मंडळी कॉफी पीत. हत्यार कुठं नेऊ नये याची यादी त्यानं दोनदा वाचली. त्या वेळी नेल्डाबाई पुढच्या खुर्चीवरच्या माणसाच्या खांद्याची शिवण बघत होत्या. ती दुसऱ्या गावात शिवलेली होती, आणि त्यामागची कथा काय असावी याचा त्या विचार करत होत्या.

नेमबाजी ओडेलच्या शेतात, ओढ्याच्या कोरड्या पात्रात. चापाची चिंता करायचं काही कारण नव्हतं हे पहिल्या बारातच कळलं. जी बाई चाळीस वर्षं जाड कॅनव्हास आणि कातडं कात्रीनं कापत आली, तिचे अंगठे कामातून गेले असतील, पण मूठ आवळायची ताकद कुठं जात नाही. ओडेलला ज्याचा दम लागायचा तो चाप नेल्डाबाई लांबलचक कापड कापावं तसा सलग, एका लयीत ओढत. अडचण निराळीच निघाली. नळीच्या टोकावर नेम धरायची जी माशी असते, तीही निकेलची. उन्हात तिचा नुसता पांढरा लोळ दिसे, आणि गोळ्या लक्ष्याच्या कागदाला वळसा घालून मागच्या दरडीत जात.

"मेणबत्तीची काजळी लावा तिला," ओडेल म्हणाला.

"हार्मनच्या निकेलला काजळी?"

नेल्डाबाईंनी स्वेटरच्या खिशात हात घातला. तिथं कापडावर खुणा करायचा निळा खडू होता. कोणत्याही खिशात तो असतोच. त्यांनी माशीवर निळी रेघ ओढली, फुंकर मारली आणि पुन्हा हात लांब केला. आता त्या लखलखाटात एक निळा ठिपका ठाम उभा होता. त्यानंतरच्या गोळ्या लक्ष्याच्या छातीत अशा बसल्या, की ओडेलनं कागद काढून तो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, बटणपट्टी झाली, आता काजं करा. परीक्षा झाल्यावर नेल्डाबाईंनी खडू पुसून टाकला. हत्यार घरी स्वच्छ गेलं पाहिजे.

परवाना आला आणि गावाची पंचाईत सुरू झाली. नेल्डाबाईंनी हार्मनचं रिव्हॉल्व्हर घेतलंय हे सगळ्यांना कळलं होतं आणि ते सगळ्यांना बघायचं होतं. ज्यांची बटणं घट्ट होती त्या बायकाही बटणं घट्ट करून घ्यायला येऊ लागल्या. त्यांत पहिली ओपल डचर. ओपल चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि बाकीचा वेळ लोकांना त्यांच्याच भल्यासाठी गोष्टी सांगते.

"आपल्या दोघींतच, नेल्डा. नुसती मूठ दाखव ना गं."

"दाखवलं तर गुन्हा होतो, ओपल. नियमच आहे. लपवायचं म्हणजे लपवायचं."

नियम खरोखरच तसा होता, त्यामुळे गावातलं सर्वांत देखणं हत्यार बघायचा हक्क आता फक्त चोराला उरला होता, आणि तो बटणं घेऊन बेपत्ता होता. नेल्डाबाईंना याचं थोडं वाईट वाटे. संध्याकाळी दुकान बंद केलं की त्या ते बाहेर काढून टेबलावर ठेवत आणि शेजारी वेगवेगळी कापडं धरून बघत. करडा रंग त्याला मानवला नाही. काळ्यावर ते उद्धट दिसलं. बटरसारख्या फिकट पिवळ्या लिननवर मात्र शिंपला एकदम शांत झाला. ईस्टरचा ड्रेस त्या लिननचा ठरला.

त्या ड्रेसबद्दल अजूनही बोललं जातं. नेल्डाबाईंनी आयुष्यभर लोकांच्या तयार कपड्यांत जागा करून दिली होती. हत्याराच्या मापानं पहिल्यापासून कपडा बेतायची संधी त्यांना प्रथमच मिळत होती. त्यांनी लाकडी पुतळ्याच्या उजव्या बाजूला खिसा टाचला, त्यात रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि ते तिथंच ठेवून सगळा कपडा बेतला. वजन उजवीकडे ओढतं म्हणून उजवी कळी किंचित आखूड, खांद्याची पट्टी किंचित घट्ट, घेराची दुमड त्या ओढीच्या हिशेबानं. भारासकट ड्रेस पुतळ्यावर ओळंब्यासारखा सरळ उभा राहिला. खिसा कुठं आहे हे शिवणाऱ्या हातालाही चटकन सापडू नये असा. नेल्डाबाई लांब जाऊन बघत, जवळ येऊन बघत आणि डबला सांगत. डब नसल्यानं त्यानं हरकत घेतली नाही.

लानेल आणि रस्टी आदल्या दिवशी आले. रविवारी सकाळी न्याहारीला नेल्डाबाई पिवळ्या ड्रेसमध्ये स्वयंपाकघरात आल्या आणि गरम, पावासारख्या मऊ बिस्किटांवर रस्सा वाढू लागल्या. लानेल काटा हातात धरून आईकडे बघत राहिली. मग उठली, आईभोवती एक फेरी मारली. आईला फडताळातली वरची बरणी काढायला सांगितली, मग खालचं कढईचं झाकण. कुठंच काही उठलं नाही, हललं नाही.

"अंगावर आहे?"

"आहे."

"शप्पथ?"

"ईस्टरच्या दिवशी शपथा घालू नकोस. खा."

लानेल बसली. तिला आनंद व्हायला हवा होता, कारण आई सुरक्षित होती. पण खोलीतला पलंग तिनं स्वतः रंगवला होता. बरं, राहा इथं, एवढंच ती म्हणाली, आणि रस्टीनं मध्ये पडून आणखी रस्सा मागितला.

चर्चच्या आवारात नेल्डाबाईंची गाडी लागली. नेल्डाबाईंनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला आणि तिथंच थांबल्या. चर्चच्या दारात ओडेल उभा होता. लोकांना जागा दाखवायचं काम त्याच्याकडेच. त्याला बघताच वर्गातली ती यादी, जी त्यांनी ऐकली नव्हती असं त्यांना वाटत होतं, ती कानात आपोआप वाजली. दारूचे गुत्ते. कोर्ट. इस्पितळ. देवाचं घर.

त्या परत गाडीत बसल्या. लानेल आणि रस्टी पुढे जाईपर्यंत थांबल्या, रिव्हॉल्व्हर काढून समोरच्या कप्प्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि उतरल्या. चार पावलांत त्यांना कळलं. ज्याच्या हिशेबानं ड्रेस बेतला होता ते आता त्यात नव्हतं. उजवी कळी वर चढली. खांद्याची पट्टी मोकळी पडून गळ्यापाशी झोळ आला. घेर डाव्या पोटरीवर आणि उजव्या गुडघ्यावर, मध्ये उतार. ज्या बाईनं सबंध गावाचे घेर सरळ केले, ती ईस्टरच्या सकाळी, सगळं गाव हॅटा घालून पायऱ्यांवर उभं असताना, वाकड्या घेरानं चालत होती.

आणि गावाला अर्थ लावता येतो. नजरा घेरावर आल्या, उजव्या बाजूला चढल्या आणि तिथून शिष्टाचारानुसार आभाळाकडे गेल्या. हत्यार अंगावर होतं तेव्हा ते कुणाला दिसलं नव्हतं. अंगावर नव्हतं तेव्हा सगळ्यांना दिसलं.

ओपल एवढा शिष्टाचार पाळत नाही. "नेल्डा," ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे पहिल्या तीन पायऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या, "सोने, तुझा घेर तिरका आलाय. मी मेले तरी तुझा घेर तिरका बघीन असं वाटलं नव्हतं."

नेल्डाबाईंनी मान डोलावली, वळल्या आणि गाडीकडे परत निघाल्या.

लानेल आत, तिसऱ्या बाकावर होती. पायऱ्यांवरचं सगळं तिनं उघड्या दारातून पाहिलं होतं, आणि घेर तिरका का झाला हे तिला कळलं होतं. ती शिंपिणीची मुलगी. आईनं ते गाडीत ठेवलं, तेच बरोबर. मग पहिलं गाणं सुरू झालं, आणि आई मधल्या वाटेनं चालत आली. ड्रेस ओळंब्यात. कळी खाली, खांदा बसलेला, घेर सगळीकडून सारखा. लानेलनं गाण्यांचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

आई शेजारी येऊन उभी राहिली तशी ती पुस्तकाआडून म्हणाली, "आई. आत आणलंस?"

"गाणं म्हण."

"आई, हा गुन्हा आहे."

"वरच्या पट्टीत आहे गं, सूर सोडू नकोस."

प्रवचन पुनरुत्थानावर होतं. लानेलच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तिला दिसत होतं ते असं: शेरीफ येणार, परवाना जाणार, पेपरात नाव येणार, आणि मग तह मोडला. ज्या बाईला घेर सरळ ठेवण्यासाठी कायदा मोडावासा वाटतो, तिला एकटं ठेवता येत नाही. याचा अर्थ आई आता तिच्याकडे येणार होती. हे मनात आल्यावर आपल्याला बरं वाटतंय असं तिच्या लक्षात आलं, आणि बरं वाटतंय याची तिला इतकी लाज वाटली, की आमेन तिनं सगळ्यांच्या नंतर, एकटीनं म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर तिनं आईचा कोपर धरला.

"काढ."

"इथं?"

"इथंच. मला बघू दे."

दारात ओडेलनं जे व्हायचं ते ओळखलं आणि चर्चच्या मनोऱ्याकडे दृष्टी लावली. बँकेच्या मॅनेजरांनी ढग तपासले. फक्त ओपल सरळ बघत राहिली; इतके महिने ती याच क्षणाची वाट बघत होती. नेल्डाबाईंनी शिवणीत हात घातला. खिसा कुठं आहे हे लानेलला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि त्यांनी आपली मोठी, काळ्या मुठीची, पोलादी कात्री बाहेर काढली. लग्नात नवरीचं ऐन वेळी काही उसवतं, मयताचा कोट बसत नाही, म्हणून ती कायम गाडीत असते. वजनाला रिव्हॉल्व्हरपेक्षा किंचित कमी, पण लिननला तेवढा फरक कळत नाही.

लानेलनं कात्रीकडे पाहिलं, मग घेराकडे.

"आणि हे घेऊन तू आत काय करणार होतीस?"

"ड्रेस सरळ ठेवणार होते," नेल्डाबाई म्हणाल्या. "ठेवला."

लानेलला हसू फुटलं. ते आवरेना, तशी ती पायरीवर बसली, हॅट मांडीवर घेतली आणि डोळे पुसत हसत राहिली. मध्येच ते हसू रडण्याच्या अंगानं गेलं आणि पुन्हा परत आलं. नेल्डाबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि एका हातानं तिच्या पाठीवरची शिवण चाचपत राहिल्या. तीही विकतची होती. ओपल निराश होऊन घरी गेली.

परतीच्या वाटेवर, गाव मागे पडल्यावर, लानेल रस्टीला म्हणाली, "देवाच्या दारातून जी बाई बोटभर घेरासाठी परत फिरते, तिला मी आर्लिंग्टनला नेऊन काय करू? ती पहिल्याच दिवशी माझे पडदे उतरवील."

"ते वाकडेच आहेत," रस्टी म्हणाला. त्यावर त्यांचं थोडं भांडण झालं. मग खोली रस्टीच्या मासे धरायच्या गळांना मिळाली.

त्यालाही आता काही वर्षं झाली. नेल्डाबाई आहेत तिथंच आहेत, आणि मागच्या दाराला ओडेलनं नवी कडी बसवून दिली आहे. परवान्याचं त्या वेळच्या वेळी नूतनीकरण करतात, दर वेळी चाचणी देतात, दर वेळी निळा खडू लावतात आणि पुसतात. केस अजून तपकिरी लिहितात. हार्मनचं रिव्हॉल्व्हर शिलाई मशीनच्या तिसऱ्या खणात, शिंपल्याच्या बटणांशेजारी असतं, कारण तिथं ते शोभतं. नंतर त्यांनी जेवढे ड्रेस शिवले, ते सगळे कात्रीच्या वजनानं बेतले, म्हणजे कुठं जायचं आणि कुठं नाही ही भानगड उरत नाही. राज्याच्या दप्तरी त्या घराबाहेर सर्वकाळ सशस्त्र आहेत, आणि लानेल फोनवर विचारते तेव्हा त्या अंगावर आहे म्हणून सांगतात. काय, ते लानेल विचारत नाही.

खिशात कात्री असते.